पाथरी पुरे झाली, आत्या

भवानीनगर, ता. इंदापूर
१५ सप्टेंबर २०२४

चि. सौ. दिशास तुळसाचा सप्रेम जयभीम.

पत्र मिळालं. चष्मा पुसून पुन्हा वाचलं. सातवा महिना लागेपर्यंत मला कळवलं नाहीस, शहाणीच आहेस! पहिल्या नवऱ्याच्या आईला काय वाटेल म्हणून भ्यायलीस होय? अगं, घोष गेल्यावर तुझ्या मागे हात धुऊन लागून गोकुळरावांशी तुझं लग्न कुणी लावून दिलं? मीच ना? मग आता लाजतेस कसली.

एक सांगते आणि विषय बंद करते. रस्त्यात अंधारात उभ्या असलेल्या उसाच्या ट्रॉलीवर घोषची गाडी आदळली, त्या दिवशी माझा मुलगा तर गेलाच, पण मला आजी म्हणणारंही आता कुणी येणार नाही हे मी धरून चालले. तुझं पत्र वाचलं आणि मला पुन्हा हाव सुटली. रक्ताचं नातं नाही, मला कळतं. पण तुझ्या लेकरानं मला आजी म्हटलं तर कुणाचं काय बिघडलं? मी आपणहून तुझ्या दारात येणार नाही. तुझ्या घरच्यांना कसं वाटेल कोण जाणे. तू बोलावलंस की येईन. आणि फोन करत बसू नकोस. कानात नुसती गुणगुण येते, मी आपली व्हय व्हय करते आणि नंतर चिडचिड होते. पत्र लिही.

आता कामाचं. बाळंतिणीला दुधासाठी पाथरीची भाजी पाहिजे. तू आमच्याकडं होतीस तेव्हा भाकरीवर कच्चीच घेऊन खायचीस, आठवतं? जमिनीला चिकटून पसरते, दातेरी पानं, तोडलं की दुधाचा थेंब येतो. माझ्या सासूनं मला तीच घातली आणि घोष दोन वर्षं अंगावर प्याला. पण आता राहिली आहे कुठं? सगळीकडं ऊस आणि बांधावर तणनाशक. आता तर ड्रोननं फवारतात. मला त्याचा आवाज ऐकू येत नाही, वास आला की कळतं.

एकाच जागी उरली आहे, घोषच्या पिंपळाखाली. त्याची राख आपण नदीत सोडली नाही, शेतात पुरली आणि वर रोप लावलं, तिथं मी कुणाला औषध मारू देत नाही. तिथलं पान खुडायचं नाही हा माझा नेम. शेळीसुद्धा फिरकू देत नाही. पण बी तर उडून जातंच ना? ते कापसासारखं बी मी रोज सकाळी पदरात धरते आहे. घरामागं वाफा करून तुझ्यापुरती पाथरी लावते.

जड उचलू नकोस.

तुळसा


बारामती
२९ सप्टेंबर २०२४

ती. आत्यांस दिशाचा सविनय जयभीम.

भ्यायलेच होते, खोटं कशाला सांगू. पत्र लिहायला घ्यायची आणि फाडायची. तुम्ही असं लिहाल हे मला माहीत असायला हवं होतं. तुमचं पत्र वाचून मी स्वयंपाकघरात उभी राहून रडले, आणि यांना वाटलं, भवानीनगरहून काही वाईट बातमी आली.

आत्या, लेकरू तुम्हाला आजीच म्हणेल. मी शिकवीन आधी तोच शब्द. यांनाही विचारलं. यांची आई लहानपणीच गेली, पणदऱ्याला चुलत्यांनीच वाढवलं, त्यामुळे आजीची एक जागा आमच्याकडे रिकामीच आहे. हे म्हणाले, "मग द्या की त्यास्नी. इचारायचं काय त्यात?" नामकरणाला तुम्ही यायचं आणि नाव तुम्ही सांगायचं, हे ठरलं.

पाथरीचं सांगितलं तर हे हसायलाच लागले. म्हणाले, "ती तर आमी म्हशीला घालायचो, दूध वाढावं म्हणून. तुला कशाला?" मी म्हटलं, त्याच कामाला.

डॉक्टर म्हणतात नोव्हेंबर अखेर. लाथा फार मारतं. भाकरीच्या वेळेला जास्त.

तुमची
दिशा


भवानीनगर
१७ नोव्हेंबर २०२४

चि. दिशास अनेक आशीर्वाद.

तुझ्या आत्याची फजिती ऐक. जन्म शेतात गेला आणि पाथरी पेरता आली नाही. मेथीसारख्या रेघा ओढल्या, बी टाकलं, माती ओढली, पाणी दिलं. काही उगवलं नाही! रोज वाकून बघायची. शेजारची शकुबाई खुणा करून विचारते, काय हरवलंय काय? मग एकदा पिंपळाखाली बसले होते तर बी उडताना दिसलं, आणि डोक्यात प्रकाश पडला. हे काय स्वतःला पुरून घेतं होय? वाऱ्यानं येतं आणि जमिनीवर पडून राहतं. मीच त्याला मातीखाली कोंडलं.

दुसऱ्या खेपेला जमीन हातानं थापून घट्ट केली, बी ओल्या वाळूत कालवून वरच पसरलं, आणि ओलं बारदान झाकून ठेवलं. आठवड्याभरात बारदानाखाली हिरवं दिसलं. आता वाफा कसा भरलाय म्हणून सांगू!

पहिली जुडी आज सावळारामकडं देते. तो आपल्या इथलं दूध टँकरनं एमआयडीसीत नेतो, गोकुळरावांच्या डेअरीच्या गेटवर ठेवील. दर रविवारी येईल. लसणाची फोडणी, मूठभर मूगडाळ, मिरची नाही. चीक बोटांना लागला की काळे डाग पडतात, जात नाहीत लवकर. पडू देत.

आणि एक गंमत. माझं ते निळं लुगडं होतं ना, धुऊन धुऊन मऊ झालेलं? त्याचं दुपटं शिवते आहे. बाळाला आधी आजीच्या जुनेरात गुंडाळतात, नवं कापड टोचतं. हे मात्र सावळारामकडं देणार नाही. तू बोलावशील तेव्हा माझ्या हातानं गुंडाळीन.

आता कळवायला उशीर केलास तर बघ.

तुळसा


बारामती
२ डिसेंबर २०२४

ती. आत्या,

मुलगी झाली.

तुमची पाथरी पोचली. दूध येतंय.

माझी काळजी करू नका. आत्ता जास्त लिहवत नाही.

दिशा


भवानीनगर
८ डिसेंबर २०२४

माझ्या दिशाला आणि तिच्या लेकीला खूप खूप आशीर्वाद.

मुलगी झाली! अगं, पोस्टमनला चहा पाजला. शकुबाईला ओढत आणून पत्र दाखवलं. तिनं गूळ वाटला, माझ्याकडं नव्हता. संध्याकाळी पिंपळाखाली जाऊन घोषलाही सांगितलं. हसू नकोस. आणि वाईटही वाटून घेऊ नकोस. मी त्याला म्हटलं, "तुज्या जागंचं बी हाय, तुज्या दिशाला दूध आलं." वाफ्यातली पाथरी त्याच्याच जागेच्या बियाची, म्हणजे त्या पोरीच्या पोटात थोडं आपलंही जातंय, असं मला वाटतं. वेडं असेल, पण वाटतं.

नाव मी सांगायचं ठरलंय ना? मनात एक आहे. सांगू की नको, असं दोन दिवस चाललं होतं. घोष भीमगीतांच्या पार्टीत गायचा तेव्हा म्हणायचा, मुलगी झाली तर स्वराली. गोकुळरावांना खटकणार असेल तर खुशाल दुसरं ठेवा, मला राग नाही.

कुणासारखी आहे? केस आहेत का? नाक तुझं नको यायला, बाकी सगळं चालेल! नामकरण कधी? दुपटं शिवून तयार आहे, कडेला लाल पट्टी लावली. आज मोठी जुडी देते आहे. पोटभर खा. दूध कमी पडता कामा नये.

स्वरालीची आजी
तुळसा


बारामती
१९ डिसेंबर २०२४

ती. आत्यांस जयभीम.

नाव आवडलं. माझ्याही मनात तेच होतं. यांनाही खटकलं नसतं.

केस दाट, काळेभोर. बोटं लांब. नाक यांच्यासारखं.

नामकरण सध्या नाही. तुम्ही थंडीचं येऊ नका. मी कळवीन.

दूध खूप येतंय. थांबत नाही. पाथरी पुरे झाली, आत्या. खरंच पुरे.

दिशा


भवानीनगर
२९ डिसेंबर २०२४

चि. दिशास,

पुरे कशी होईल? बाळंतिणीनं पुरे म्हणायचं आणि वाढणारीनं ताटात घालायचं, असंच असतं. मला त्रास होईल म्हणून म्हणतेस, तुझा स्वभाव मला माहीत नाही होय? मला कसला त्रास. बाहेरची पानं खुडायची, मधला कोंब ठेवायचा, पुन्हा भरून येते. सकाळी उठून कुणासाठी तरी काहीतरी करायचं आहे, हे किती वर्षांनी आलं माझ्या वाट्याला! ते काढून घेऊ नकोस बाई.

नाक गोकुळरावांसारखं, म्हणजे पोरीनं तुझ्या आत्याचं ऐकलं. लांब बोटांची पोरगी गाणार बघ.

थंडी मला बाधत नाही. पण तू म्हणतेस तर थांबते. दुपटं उशाशी ठेवलंय.

आज दोन जुड्या दिल्या आहेत. स्वरालीला माझा पापा दे.

तुळसा


बारामती एमआयडीसी
५ जानेवारी २०२५

आदरणीय तुळसामावशी यांस गोकुळचा सविनय जयभीम.

मी तुम्हाला पहिल्यांदाच लिहितो आहे. दिशाला हे माहीत नाही. तिच्या उशीखालची तुमची पत्रं मी वाचली, त्याबद्दल माफ करा. वाचली नसती तर मला काही कळलंच नसतं.

मावशी, आमची मुलगी नाही. २९ नोव्हेंबरला सकाळी झाली. रडली नाही. डॉक्टरांनी खूप खटपट केली, संध्याकाळपर्यंत होती. दिशानं तिला एकदा घेतलं तेवढंच.

दिशाला दूध आलं त्याच दिवशी गेटवर तुमची जुडी होती. मीच घरी आणली. मला वाटलं ती फेकून देईल. तिनं ती निवडली, शिजवली आणि सगळी खाल्ली. दूध बंद व्हायला डॉक्टरांनी गोळ्या दिल्यात, त्या ती घेत नाही. दर रविवारी सावळारामकाका पिशवी ठेवतात, मी नेतो. टाकून देऊ का म्हटलं तर म्हणाली, "आत्याच्या हातची हाय. टाकायची न्हाय." पाथरी खाते, भांडं घासून ठेवते, आणि मोरीत बसून दूध पिळून टाकते. नळ सोडून ठेवते, मला ऐकू जाऊ नये म्हणून. बोटं सगळी काळी झालीत.

मी एकदा म्हटलं, मावशींना खरं कळवू. तर म्हणाली, त्यांनी एकदा पोरगा पुरलाय, आता परत मी काय सांगू? तुमची ती आजीची सही तिनं मला दाखवली नाही, पण मी बघितली.

तुम्ही पाथरी बंद करा, एवढीच विनंती. काय कारण सांगायचं ते तुम्ही ठरवा. मी लिहिल्याचं तिला कळू देऊ नका.

आणि एक. मुलीला कऱ्हेच्या काठी पुरलं, मी आणि चुलत्यांनी. आईला जागा दाखवायची नाही, असं घरातल्या मोठ्यांनी सांगितलं. ती विचारते. मी विषय बदलतो. बरोबर करतोय का ते मला कळत नाही.

आपला
गोकुळ


भवानीनगर
९ जानेवारी २०२५

चि. गोकुळरावांस आशीर्वाद.

पत्र पोचलं.

मीच त्या पोरीच्या उरात दूध भरत राहिले. ती पुरे म्हणाली आणि मी दोन जुड्या पाठवल्या. आता काय लिहू.

पाथरी बंद करते. मंगळवारी सावळारामच्या टँकरमधून गेटवर येते. मला ती जागा दाखवा. घरी न्यायची गरज नाही. मला आई समजून नाही म्हणू नका.

तुळसा


भवानीनगर
१२ जानेवारी २०२५

चि. दिशास आशीर्वाद.

या रविवारी पाथरी नाही. वाफा फुलावर गेला, पानं कडू झाली. बाकीची शेळीनं खाल्ली, शकुबाईनं दावं सैल बांधलं होतं. आता पुन्हा पेरायला अंगात त्राण नाही. थंडीनं गुडघे धरलेत.

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या असतील तर त्या वेळेवर घे. बाळंतपणानंतर अंगावर काढू नये. डोक्याला कापड बांध. ऊन आलं की उन्हात बस.

तुझी
आत्या


बारामती
१७ जानेवारी २०२५

ती. आत्यांस,

तुम्ही या पत्रात स्वरालीचं काहीच विचारलं नाही.

पापा दे म्हणाला नाहीत. मान धरते का, बघून हसते का, काही नाही. सही आजीची नाही. आणि गोळ्यांचं मी तुम्हाला कधी लिहिलं नव्हतं.

तुम्हाला कळलंय. यांनीच सांगितलं असणार. दोन दिवस यांच्यावर धुसफुसले, मग यांच्याजवळ बसून खूप रडले. ती गेल्यावर पहिल्यांदाच.

आत्या, मी एकही शब्द खोटा लिहिला नव्हता. मुलगी झाली, दूध आलं, केस काळे. पुढचं लिहायला घ्यायची आणि हात चालायचा नाही. तुमची पत्रं अशी यायची, की तिला पापे, तिला दुपटं, तिला नाव. दुसऱ्या कुणीच तिला नाव दिलं नव्हतं आत्या. दवाखान्याच्या कागदावर नुसतं माझं नाव आणि पुढं 'चे बाळ'. सगळे म्हणत होते, विसर, दुसरं होईल. तुमच्या पत्रात मात्र ती होती. रविवारी जुडी आली की तिच्यासाठी काहीतरी आलंय असं वाटायचं, म्हणून खात राहिले. दूध थांबलं की ती सगळीकडूनच जाईल असं वाटायचं.

तुमच्याकडून हिरावून घ्यायचं नव्हतं मला. तुमचं आजीपण.

गोळ्या चालू केल्यात. छाती दगडासारखी झाली होती, आता उतरते आहे.

मला तिची जागा कुणी दाखवत नाही. विचारलं की यांचे चुलते म्हणतात, "आईनं बगू नये, मागं ओढ ऱ्हाती." ओढ आहेच की. ती कुठं टेकवू तेवढं सांगा.

तुमची
दिशा


भवानीनगर
२६ जानेवारी २०२५

माझ्या दिशाला,

तू माझं काही हिरावलं नाहीस. महिनाभर मी आजी होते, तुझ्यामुळे. गूळ वाटला, पिंपळाखाली जाऊन घोषला सांगितलं, रोज सकाळी हसत उठले. ते मला पुरेल का? नाही पुरणार. पण झालं ते खरं होतं आणि ते माझ्याजवळ आहे. रडायला मात्र मला कुणी जवळ नव्हतं. शकुबाईला सांगितलं तेव्हा तिनं माझा हात धरला आणि आम्ही दोघी वाफ्यापाशी बसून राहिलो.

शेळीनं पाथरी खाल्ली नाही. मी खोटं लिहिलं. वाफा मीच उपटला, मुळासकट. मग पुन्हा रडले, की त्या बिचाऱ्या पाल्यानं काय केलं होतं.

गोकुळरावांवर रागावू नकोस. ते गेटवरून ती पिशवी घरी न्यायचे, विचार कर. मी त्यांना चौदा तारखेला गाठलं. चुलत्यांना न सांगता त्यांनी मला गाडीवर बसवून कऱ्हेच्या काठी नेलं. मोठ्यांचं ऐकायचं असतं, मी स्वतः सासूचं ऐकत आले. पण या बाबतीत ते चुकले. मला रोज पिंपळाखाली जाऊन बसता येतं म्हणून मी जगले, आणि तुला एक जागा नको? गोकुळरावांना मी हे तोंडावर सांगितलं. ते माझ्या कानाशी वाकून म्हणाले, "मावशी, तुमीच न्या तिला. माझ्यानं हुईना."

दिशा, जागा लहान आहे. वरची माती अजून बसली नव्हती, शेजारी बाभूळ आहे. खूण काही नाही, एक दगड फक्त. माझ्यापाशी घोषच्या पिंपळाखालचं बी होतं, पदराला गाठ मारून नेलेलं. माती हातानं थापली. बी वाळूत कालवून वरच पसरलं, कोंडलं नाही. बाटलीतलं पाणी शिंपडलं. तिथं बारदान कुठलं असणार. मग पिशवीतून दुपटं काढलं, कऱ्हेच्या पाण्यात भिजवलं आणि तेच वरून झाकलं. लाल पट्टीच्या कडेनं दगड ठेवले, वाऱ्यानं उडू नये म्हणून. माझ्या हातानं गुंडाळीन म्हणाले होते ना तुला. गोकुळराव नदीकडं तोंड करून उभे राहिले. तेव्हापासून ते रोज कामावर जाताना तिथं पाणी घालतात, सावळारामकडून कळलं. तुला सांगत नाहीत.

तिथली पाथरी आपण खुडायची नाही. वाढू दे, फुलू दे, उडू दे. तुझी ओढ तिथं टेकव.

येत्या रविवारी सावळारामबरोबर येते. या वेळी पिशवी नाही, मीच येते, आणि गेटवर नाही, तुझ्या दारात. तू बोलावलं नाहीस तरी. आपण दोघी जाऊ. दुपटं तू काढ. हलक्या हातानं काढ, खाली कोंब आले असतील.

स्वरालीची आजी
तुळसा